चित्त्यांच्या गावची मांजरे

कोल्हापूरला जाणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम पाहुण्याच्या आधीच ठरून बसलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, मग मिसळ, दुपारी नवा राजवाडा, संध्याकाळी रंकाळा, रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर उभ्या असलेल्या म्हशीचे धारोष्ण दूध, आणि परतताना पिशवीत गूळ व पायांत करकरणाऱ्या नव्या चपला. आम्हीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये, शनिवारी तीन तारखेला, असाच चार दिवसांचा बेत आखून मंगळवार पेठेतल्या मावशीकडे उतरलो. मी, सौ. आणि नऊ वर्षांची मुलगी. बेतातला पहिला दिवस तेवढा पार पडला. पुढचे दहा दिवस आम्ही कोल्हापुरातच होतो; पण पाहिली ती मांजरे.

पहिल्या दिवशी राजवाडा पाहिला. चार्ल्स मँट नावाच्या इंग्रजाने तो आखला आणि १८८४ साली तो पुरा झाला. आत तलवारी आहेत, बंदुका आहेत, आणि पेंढा भरलेली, काचेच्या डोळ्यांनी रोखून पाहणारी जनावरेही पुष्कळ आहेत. मुलगी त्यांच्यापुढून हलेना. तेव्हा मावशी म्हणाली, "ही मेलेली काय बघतीस? इथं जिते चित्ते होते. आमच्या मामंजींनी बघितलेले. डोळ्यांवर टोपी घालायची, गाडीवर बसवून माळावर न्यायचं, आणि काळवीट दिसला की टोपी काढायची. मी तर लहानपणापासून ऐकत आलो."

(पुण्याच्या वाचकांसाठी खुलासा : कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' असेच बोलतात. पहिल्यांदा दचकायला होते, मग गोड वाटू लागते.)

मावशीच्या गोष्टीत तिखटमीठ नव्हते. कोल्हापूरच्या महाराजांकडे काळविटांच्या शिकारीसाठी खरोखरच चित्ते असत, आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. आपल्याकडचा चित्ता मिळेनासा झाला तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. पुढे १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून संपल्याचे सरकारने जाहीर केले. आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले, ते सर्वांनी वाचले आहेच. पण मला मौज वाटली ती त्यांना माणसाळवण्याच्या रीतीची. चित्त्याचा बछडा धरून उपयोग नसे, कारण शिकार त्याला आई शिकवते. म्हणून पूर्ण वाढलेलाच चित्ता फाशात धरायचा, डोळे झाकून खाटेला बांधायचा आणि ती खाट माणसांच्या राबत्यात ठेवायची. बायकापोरांनी त्याच्याभोवती बसून अखंड बडबड करायची. रात्री झोपू द्यायचे नाही. खाणे मिळेल ते चित्तेवानाच्या हातून. काही महिन्यांनी तोच चित्ता चित्तेवानाच्या खाटेवर झोपे आणि मांजरासारखा घुरघुरे. हो, चित्ता डरकाळी फोडत नाही, घुरघुरतो!

हे ऐकले आणि आम्ही रंकाळ्यावर भेळ खायला गेलो.

त्या रात्री जो पाऊस लागला तो थांबेचना. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना 'बरे आहे ना' असे विचारत नाहीत, 'किती फुटांवर?' असे विचारतात. फूट राजाराम बंधाऱ्यापाशी मोजायचे. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. वाण्याकडे, देवळात, जिन्यात, सगळीकडे हाच आकडा. त्या आठवड्यात पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर चढली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमचा परतीचा रस्ता बंद झाला. पाणी उपसणारी यंत्रेच पुरात बुडाल्यामुळे चहूकडे पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, असा प्रकार. मंगळवार पेठेत पाणी येत नाही. येतात ती सखल भागातली माणसे, नातेवाइकांकडे, गाठोडी घेऊन.

सोमवारी पाच तारखेला नागपंचमी होती. मावशी दिंडे उकडत असताना दारात एक गृहस्थ उभे राहिले. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात झाकलेली बुट्टी. मावशीकडचा गणपती दरसाल शाहूपुरीतल्या ज्या कुंभाराकडून येतो, तोच हा. चतुर्थी महिन्यावर आलेली, घरात शेकडो कच्च्या मूर्ती, आणि कुंभार गल्लीत पाणी शिरू लागलेले. रात्रभर मूर्ती हलवण्याचे काम चालले होते. शेवटी पेंढ्याचा ढीग उचलला, तर खाली ही चार पिल्ले!

"आई पत्र्यावरनं फिसकारतीय, हाताला येत न्हाई," तो म्हणाला. "गणपती हलवलं आन् ही बुडू दिली तर देव काय म्हणंल, काकी? तेवढं चार दिवस ठेवून घ्या."

मांजर घरात नको, दुधाला तोंड लावते, हे मावशीचे चाळीस वर्षांचे धोरण. पण त्या दिवसांत कोल्हापुरात कोणी कोणाला 'नको' म्हणत नव्हते. तिने बुट्टी घेतली आणि माझ्या हातात दिली.

मी झाकण काढले. गोंडस पिल्ले पाहायला मिळतील, ही कल्पना. चार चिखलाचे गोळे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते आणि चौघांनीही तोंडे फाकून माझ्यावर अशी फिसकारी सोडली की मी झाकण टाकून मागे सरलो. मुलीने मात्र हात घातलाच. मनगटावर दोन तांबड्या रेघा उमटल्या. सौ. ने तिला साबण लावून मोरीत उभे केले आणि माझ्याकडे जे पाहिले ते लिहिण्यात अर्थ नाही.

मागच्या गल्लीत गुरांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांची सारी हयात करवीर तालुक्यातल्या म्हशींत गेली. ते छत्री झटकत आले, पण आधी मांजरांकडे पाहिले नाही. मुलीचा हात पाहिला. "पंधरा मिनिटं धुतला का? घड्याळ लावून? बरं. आता हिला दवाखान्यात न्या आणि लस सुरू करा. आजच." पिल्ले एवढीशी, ओरखडा एवढासा, असे मी म्हणू लागताच ते तडकले. "रेबीज झालेलं माणूस मी बघितलंय. तुम्ही बघितलंय का?" आम्ही निमूट गेलो. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असे तारखांचे कार्ड मिळाले. अठ्ठाविसावा दिवस बरोबर गणेश चतुर्थीला आला, हे मुलगी अजून ऐकवते.

आम्ही परतलो तेव्हा डॉक्टर जमिनीवर मांडी ठोकून बसले होते. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस दोन बोटांनी एक पिल्लू मानेपाशी धरून त्याच्या तोंडात डोकावत होता. "दुधाचे दात आलेत, डोळे अजून निळे. महिन्याची असतील, चार दिवस इकडंतिकडं." मग मावशीच्या स्वयंपाकघरातला काटा मागवला. मांजराचे पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढते. तिघे चारशेच्या आसपास भरले, चौथे अडीचशे. ते काळेकरडे पिल्लू फिसकारतही नव्हते. डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून दाखवला. हिरडी खडूसारखी पांढरी. "पिसवांनी रक्त पिऊन टाकलंय."

फडकी हवी होती. मी जुने धोतर आणि कात्री घेतली, तोच मावशीने कात्री काढून घेतली. नागपंचमीला काही चिरायचे नाही, कापायचे नाही. धोतर हातांनी फाडले. मग आम्ही तिघे ओळीने बसलो आणि उवांच्या बारीक फणीने पिसवा विंचरून साबणाच्या पाण्यात बुडवू लागलो. शेजारच्या बाईंनी कुत्र्याची पिसवांची पावडर आणून दिली, ती डॉक्टरांनी डबा न उघडता परत पाठवली. कुत्र्याला चालणारी कित्येक औषधे मांजराला विष होतात. एका पिल्लाला सर्दीतापाने डोळा उघडता येत नव्हता. सौ. मुलीच्या तापाचे पॅरासिटामॉल घेऊन आली तेव्हा डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आपल्या किती घरांत ही चूक मायेपोटी होत असेल कोण जाणे! त्या डोळ्यासाठी त्यांनी मलम दिले, आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने डोळे पुसायला सांगितले, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस.

आणि दूध? दूधदुभत्याच्या जिल्ह्यात बसून डॉक्टर म्हणाले, "म्हशीचं दूध रेडकाला. ह्यांना जुलाब लागतील आणि सकाळी आडवी झालेली दिसतील." आजवर ज्या ज्या चित्रात मांजरासमोर दुधाची बशी पाहिली होती ती सगळी खोटी पडली. पिल्लांना द्यायची खास पावडर पुरात कुठून मिळणार? उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बारीक वाटून, त्याच्याच कोमट पाण्यात कालवून. कांदा लसूण नाही; कांदा मांजराला बाधतो.

श्रावणात! जे घर एरवी रविवारी मटणावाचून राहत नाही, ते श्रावणभर हाडकाची सावलीही पडू देत नाही. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मागच्या अंगणातल्या न्हाणीच्या चुलीवर एक जुने पातेले चढवले. "माझ्या पातेल्यात न्हाई, माझ्या तोंडात न्हाई. देवाला मी सांगतो काय ते." त्या आठवडाभर तिने ते पातेले रोज स्वतः घासले.

लहानग्याला मात्र डॉक्टरांनी खायला घालू दिले नाही. थंड पडलेल्या पिल्लाला भरवले तर त्याला ते पचत नाही. आधी ऊब, मग पोट. मांजराचे अंग आपल्याहून गरम असते, एकशे एक-दोन फॅरनहाइट. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली, तासाभराने बाटली बदलायची. संध्याकाळी ते जरा हलले. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब दिले, ते पालथे धरून. आपण बाळाला धरतो तसे उताणे धरले तर पाणी फुप्फुसात जाते. मुलगी दहापर्यंत जागली. मी दोनपर्यंत. दोन ते पहाटेपर्यंतची पाळी मावशीची होती. पहाटे मी उठलो तर ती चुलीपाशी बसली होती आणि पिल्लू पदरात होते. "आत्ताच गेलं," ती म्हणाली, "घुरघुरलं रे जरा." बाहेर खणायला कोरडी जागा नव्हती. दुपारी पाऊस उघडला तेव्हा अंगणातल्या कढीलिंबाखाली पुरले. मुलीने नाव ठेवायचे ठरवले होते. ते तिने कोणाला सांगितले नाही.

उरलेली तीन. दोन केशरी आणि एक तिरंगी. तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, हेही नवे ज्ञान. त्यांना जिन्याखालची लहान खोली दिली, एका खोक्यात राख भरून ठेवली. राखेचा उपयोग त्यांनी न शिकवता ओळखला. माणसांचा उपयोग ओळखायला वेळ लागला.

डॉक्टरांनी सांगितले की मांजराच्या पिल्लाचे मन दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्यापर्यंत उघडे असते. तेवढ्यात माणसाचा हात, वास, आवाज आत शिरला तर ते जन्मभर माणसाचे. पुढे दार हळूहळू लागत जाते. मला राजवाड्यातली गोष्ट आठवली. चित्त्याचा बछडा नको, मोठाच हवा. इथे नेमके उलटे. पण रीत? तीच! मावशी जिन्याखालच्या खोलीत पाट टाकून तांदूळ निवडत बसे आणि पिल्लांकडे न बघता बोलत राही. फूट किती, भाजीचा भाव काय, पुण्याच्या सुनेला भाकरी कशी थापता येत नाही, सगळे. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. भिडलाच तर पापण्या हळूच मिटून उघडायच्या. मुलीला हे एवढे साधले की ती जेवताना आम्हालाही तसेच करू लागली. खाणे मिळेल ते चमच्याच्या टोकावरून, दुसऱ्या दिवशी बोटावरून, तिसऱ्या दिवशी मांडीवर चढले तरच. फडक्यात गुंडाळून पाच मिनिटे छातीशी धरायचे, आणि ते सुटायला बघेपर्यंत थांबायचे नाही. ते शांत असतानाच खाली ठेवायचे.

बुधवारी फिसकारणे कमी झाले. गुरुवारी मोठा केशरी बोका मुलीच्या बोटावरचे चाटून उगाच बसून राहिला. शुक्रवारी रात्री वीज गेलेली असताना जिन्याखालून बारीक यंत्र चालू झाल्यासारखा आवाज येऊ लागला. आम्ही चौघेही मेणबत्ती घेऊन गेलो. तिरंगी मावशीच्या मांडीवर होती. "हलू नका," मावशी कुजबुजली. तिने स्वतः पाऊण तास पाय हलवला नाही.

महामार्ग सुटला तेव्हा आम्ही निघालो. धाकटा केशरी आमच्याबरोबर पुण्याला आला, टोपलीत, वाटभर ओरडत. दुसरा डॉक्टरांकडे गेला. तिरंगी कुठे जाणार हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पुढचे मला मावशीने सांगितले ते असे. कुंभार गल्लीतले पाणी उतरले. आठवडाभर पत्र्यांवरून हिंडलेली मांजरी खाली आली आणि जिथे पेंढा होता त्या चिखलात फिरून फिरून ओरडू लागली. कुंभाराला ते ऐकवेना. त्याच्याही घरात चिखलच होता. डॉक्टरांनी पिंजरा दिला, आमिषाला सुकट. दुसऱ्या रात्री ती सापडली. पिंजऱ्यात तिने स्वतःला असे आदळले की नाकाचे कातडे सोलले. डॉक्टरांनी पिंजऱ्यावर पोते टाकले, आणि अंधार होताच ती गप्प झाली. मावशी म्हणाली, "चित्त्याची टोपी!"

डॉक्टरांचे काम सरळ होते. ऑपरेशन करायचे, म्हणजे पुन्हा पिल्ले नकोत. मांजरीला नऊ आठवड्यांत पिल्ले होतात आणि ती पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधी स्वतः गाभण राहू शकतात. लस द्यायची. पुन्हा कोणी धरू नये म्हणून एका कानाचे टोक किंचित कापून खूण करायची. मग सोडायची. पण मावशीने मोडता घातला. जखम भरेपर्यंत ती जिन्याखालच्या खोलीत राहील, आणि राहता राहता माणसाळेल. एवढे चित्ते माणसाळले, ही का नाही?

मावशी पुन्हा तांदूळ घेऊन बसली. दहा दिवस. मांजरी कपाटामागे. दिवसा घास नाही. रात्री सगळे झोपल्यावर वाटी रिकामी. लेक समोर आली तर तिच्यावरही फिसकारली. सहाव्या दिवशी तिने अंगावरचे केस चाटून चाटून पोट उघडे केले. डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, चित्त्याला झोपू देत नव्हते. दिवस न् रात्र. थकून थकून तो मोडायचा, मग तो माणसाळला म्हणायचे. हिला तसं मोडायचं असलं तर सांगा, मी पाळी लावून देतो."

मावशी त्यांच्यावर चिडली. दोन दिवस त्यांच्या घरी दिंडाचे राहिलेले पुरणसुद्धा पाठवायचे नाही म्हणाली, जणू ते महिनाभर टिकणार होते. तिसऱ्या दिवशी तिनेच रिक्षा बोलावली, पोत्याने झाकलेला पिंजरा मांडीवर घेतला आणि कुंभार गल्लीत जाऊन दार उघडले. मांजरी मागे न बघता भिंत चढली. गणपती रंगवायचे काम जोरात होते. कुंभाराने ब्रश खाली ठेवला नाही, नुसती मान हलवली.

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली, आणि कुंभार गल्ली पुन्हा पाण्यात गेली. मी पुण्याहून फोन केला. मी 'किती फुटांवर?' असे विचारले, आणि मावशी म्हणाली, "कान कापलेली दिसली न्हाई अजून." पाणी उतरल्यावर ती दिसली, दुसऱ्याच्या पत्र्यावर.

त्या वर्षी दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा मावशी आम्हाला मुद्दाम तिकडे घेऊन गेली. हातात पितळी डबा. कुंभार पणत्या मोजत होता. भिंतीवर एक करडी मांजरी बसली होती, एका कानाचे टोक गेलेली, आमच्या अंगावरून पलीकडे पाहत. मुलगी, आता मोठी झालेली, पापण्या हळू मिटून उघडत तिच्याकडे बघत राहिली. तिने उत्तर दिले नाही. मावशीने डबा उपडा करून विटेवर खाणे ठेवले आणि आम्हा सर्वांना मागे फिरवले.

"बघू नका तिच्याकडं," ती म्हणाली, आणि मग आवाज चढवून, भिंतीकडे पाठ करून, "चल बाई, जातो मी!"

गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत आमच्यापैकी कोणी वळले नाही. मागे विटेवर पितळी डबा सरकल्याचा आवाज झाला.

"डबा तिथंच राहिला की," सौ. म्हणाली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "उद्या येतो मी न्यायला."